उरलेलं एक संत्र

मी एक जुना कंप्युटर आहे. जुना म्हणजे अवघा चार वर्षांचा. पण आमच्या जातीत एवढ्यात म्हातारपण येतं, मित्रांनो. कारखान्यात माझे भाग जोडले, तेव्हा मी सौंसरच्या शाळेत जाणार हे मला कुठं ठाऊक होतं? नागपूरहून मी बसच्या टपावर, कापसाच्या गाठोड्यांमध्ये दबून आलो.

शाळेत माझं फार कौतुक झालं. चपला बाहेर काढल्याशिवाय माझ्या खोलीत कोणी यायचं नाही. दसऱ्याला हळदीकुंकू वाहिलं, ते बटणांत शिरलं आणि पाचाचा आकडा अडकून बसला. मग मुख्याध्यापक पुंडलिकरावांनी मला कुलपातच ठेवलं. "मुलं बिघडवतील," म्हणायचे. गणिताच्या विजयमालाबाई किल्ली मागून आणायच्या, तेवढाच मला उजेड दिसायचा.

रामाकोन्याहून शाळेत येणारी इंदू तेव्हाच माझ्याकडे यायची. बाईंनी शिकवलेल्या आज्ञा ती एकेका बोटानं लिहायची. पाचाचं बटण मात्र जोरानं दाबायची.

एक दिवस बाई म्हणाल्या, "इंदू, उद्या जिल्ह्याचे साहेब येऊन राहिले. याचा उपयोग दिसला नाही, तर याला पांढुर्ण्याच्या शाळेत नेतील."

"मंग मी कायच्यावर शिकू, बाई?" एवढंच ती बोलली.

साहेब आले. संत्र्यांच्या पेट्यांनी भरलेला ट्रक त्यांनी वाटेत पाहिला असावा. इंदूला म्हणाले, "एक लाखाहून कमी संत्री आहेत. बारा-बारा, पंधरा-पंधरा किंवा वीस-वीस, कशीही भरली तरी एकही उरत नाही. जास्तीत जास्त किती असतील? कंप्युटरकडून काढून दाखव."

इंदूनं मला एकापासून सुरुवात करायला सांगितली. मी निघालो. एक, दोन, तीन, प्रत्येकाला तिन्ही आकड्यांनी भागून पाहत. एक लाख म्हणजे माझ्यासाठी लांबचा पल्ला. पडदा कोराच.

"इंदू, तुहा कंप्युटर झोपला काय?" मागून वर्गातला सुखदेव म्हणाला. पोरं हसली.

तेवढ्यात वीज गेली, आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. वीज आली तेव्हा साहेब घड्याळ पाहत होते. इंदू बाईंच्या कानाशी लागली, "बाई, पेटीतलं सगळ्यात वरचं फळ पायजे, तर बुडापासून काहून उपसाचं?"

बाईंनी मान डोलावली. या वेळी तिनं मला वरून खाली उतरायला लावलं, आणि भाग गेला की तिथंच थांबायला सांगितलं. बटण दाबलं न दाबलं तोच पडद्यावर उत्तर आलं: ९९९६१.

साहेबांनी कागदावर भागून पाहिलं. "एक उरतो."

"मशीनच चुकली," पुंडलिकराव पुटपुटले.

इंदूनं पडद्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. "थो देवाचा हाय, साहेब. आमच्याकडे पहिलं संत्र मातामायपुढे ठेवतात, मंगच पेट्या भरतात. मी एक बाजूला काढूनच भागाले सांगतलं. याची काई चूक नाई. मी सांगतलं तेच यानं केलं."

साहेब हसले. "देवाचा असो की कोणाचा, बाजूला काढायचा असेल तर सांगावं लागेल ना?"

तिनं आज्ञेतून तो एक काढला. ९९९६०. साहेबांनी तिन्ही भागाकार करून पाहिले. एकही उरला नाही.

जीपमध्ये बसताना ते पुंडलिकरावांना म्हणाले, "याला इथंच राहू द्या. पण किल्ली या बाईंकडे द्या."

दुसऱ्या दिवशी इंदू शाळेत आली ती ओच्यात काहीतरी लपवून. खोलीत कोणी नव्हतं. तिनं माझ्या डोक्यावर एक संत्र ठेवलं आणि म्हणाली, "काल उरलं होतं ना, थे तुहं."

आता इंदू नागपूरच्या कॉलेजात आहे. विजयमालाबाईंची बदली झाली, नवीन कंप्युटर आला, आणि मी पुन्हा कुलपात आहे. माझ्या झाकणावर धूळ आहे, पाचाचं बटण अजून अडकतं.

मित्रांनो, मला देव समजून कुलपात ठेवू नका. फडक्यानं पुसा, आणि काम सांगा. पण सांगाल तेव्हा मनातलं सगळं सांगा; न सांगितलेलं मला कळत नाही. एक गोष्ट मात्र कोणी न सांगता मला कळली होती. ते संत्र हिशेबातलं नव्हतं, माझं होतं.