आवडाबाईचे लाल हात

आवडाबाईचे हळद फासलेले हात परातीतल्या पाण्यातून लालभडक होऊन बाहेर आले आणि बिडकीनच्या देवळासमोरची गर्दी खवळली.

"रगत! लेकरं खाल्ली हिनं!" परात मांडून बसलेला बाबा गरजला. गावात तापाने मुलं दगावली होती. डॉक्टरला बोलावण्याऐवजी या भामट्याने गावाला दोष द्यायला एक विधवा शोधून दिली होती. पहिला दगड तिच्या डोळ्यावर बसला.

शेजारच्या शाळेत रामकिसन सर दहावीची विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा घेत होते. परीक्षा कसली ती! पाठ केलेली कृती ऐकायची, वही सुबक दिसली की पैकीच्या पैकी गुण. किंकाळी ऐकून ते धावले. मागे शहजादी, त्यांची विद्यार्थिनी.

"सर, दुसऱ्या कुणाचे हात घालून बघितले का? एकाच परीक्षानळीवरून ठरवत नाय ना आपण?"

सर उत्तर देईपर्यंत पोरीने हळद चोळून हात बुडवले. लाल!

"ही बी तसलीच!" कुणीतरी तिच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटला. पळून जावंसं वाटलं सरांना, खरंच वाटलं. पण त्यांनी हळद घेतली, हात बुडवले.

"माझेबी लाल. मारा मला!"

पाठीत काठी बसली. काठी होती तात्यासाहेबांची, ज्यांचा नातू परवाच गेला होता. सरांनी त्यांचा हात पकडला, हळद फासली आणि परातीत दाबला.

"बघा! नातवाला तुम्ही खाल्लं का, तात्यासाहेब?"

म्हातारा लाल हाताकडे बघत मटकन खाली बसला. बाबा परात उलथू लागला, पण सरांनी ती धरली आणि तळाचा पांढरा गाळ बोटावर घेतला.

"पानाला लावता तो चुना हाय ह्यो! हळदीला चुना लागला की ती लाल होती. कुंकू असंच करत्यात, तुमच्याच घरात!"

दगड आता बाबाकडे वळले. सर आडवे आले.

"पुन्हा तेच? ह्याला पोलिसात द्या. आन् आधी जीप आणा, बाई मरायली! कुणी कायबी सांगू द्या, आधी तपासा. तपासल्याबिगर हात उचलू नका!"

आता सर परीक्षेत पाठ कृती ऐकत नाहीत. अनोळखी द्रव पुढे ठेवून विचारतात, "खरं-खोटं कसं ठरवशील?" जो तपासून दाखवेल, गुण त्यालाच.

आवडाबाई वाचली, पण डावा डोळा गेला. तो दगड आपला होता, असं गावात अजून कुणीही म्हटलेलं नाही.