लास्त्रीचा सोफा

पाहुणा येणार म्हटलं की सार्मिनीच्या अंगात वारं शिरायचं. मग पाहुणा नुसता फोटोतून घर बघणारा का असेना!

तिच्या एकुलत्या लेकीला, वेनिंगला, योग्याकार्ता शहरातल्या सरकारी विद्यापीठात जागा मिळाली होती. तिथली फी सगळ्यांना सारखी नसते. घरची ऐपत पाहून आठ गट पाडतात, पहिल्याला सगळ्यांत कमी फी, आठव्याला सगळ्यांत जास्त; आणि ऐपत कळावी म्हणून घराचे फोटो मागवतात. तिकडे आईला आणि कुठल्याही मोठ्या बाईला 'बू' म्हणतात. दाखल्यांसाठी शाळेत जाताना वेनिंग आईला घाईघाईत एवढंच म्हणाली, "बू, शेजारच्या बू लास्त्रींच्या फोनवर बाहेरच्या खोलीचा आणि स्वयंपाकघराचा फोटो काढून ठेव. विद्यापीठातले लोक बघणार आहेत."

झालं. सार्मिनीनं लास्त्रीचा लाल सोफा चौघांकडून उचलून आणला, तिचेच जाळीचे पडदे लावले, तिच्या जावयाची मोटरसायकल दारात उभी केली. चुलीच्या धुरानं काळं पडलेलं स्वयंपाकघर काही उजळेना, तेव्हा लास्त्रीच्या फरशीवाल्या ओट्यापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. आपण खोटं वागतोय असं तिच्या मनातही आलं नाही. आल्यागेल्याला फाटक्या चटईवर कोण बसवतं?

वेनिंगनं सोफा पाहताक्षणी ओळखला. पण मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, आणि आई दारात उभी राहून विचारत होती, "बरं दिसतंय ना गं?"

"छान दिसतंय, बू," म्हणत तिनं फोटो पाठवून दिले. या मायलेकींना काय म्हणावं!

गट आला सहावा. सहामाहीला सत्तर लाख रुपिया फी. केळीच्या पानात तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, बांधून बाजारात विकणाऱ्या विधवेच्या हाती सहा महिन्यांत तेवढे पैसे येतही नव्हते.

सार्मिनी दोन दिवस नीट जेवली नाही. "माझ्या तोऱ्यानं तुझी जागा घालवली, पोरी," एवढंच म्हणायची. वेनिंगनं फेरविचाराचा अर्ज केला. उत्तर आलं, माणूस घर बघायला येईल.

लास्त्री धावतच आली. "आता उलटं करू! टीव्ही माझ्याकडे ठेव, कोंबड्या आत सोड, दोन कौलं काढून टाक. त्या भातगिरणीवाल्याच्या दारात दोन गाड्या आहेत, तरी पोरानं गड्याची झोपडी दाखवून दुसरा गट मिळवला!"

"नको गं. तेव्हा लाजेपायी केलं. आता केलं तर चोरी होईल. टीव्ही आहे, तर दिसू दे."

विद्यापीठातून तपासायला आलेले हेंद्रोसाहेब चटईवर मांडी घालून बसले. सार्मिनीनं गोड चहा नि तळलेले तेम्पे पुढे ठेवले. मान मात्र वर करवेना.

"फोटोतला सोफा कुठाय?"

"शेजारणीचा होता. तुम्ही येणार म्हणून आणला."

"मी? तेव्हा?"

"म्हणजे, फोटो बघणारे. आमचं घर बघायला कधी कुणी मोठं माणूस आलंच नव्हतं हो."

कागद बाजूला ठेवून हेंद्रोंनी चहा संपवला. मग स्वयंपाकघराचा फोटो घ्यायला उठले, मायलेकींनाही चुलीपाशी उभं केलं. सवयीनं सार्मिनीचा हात फडक्याकडे गेला, भिंत पुसायला. वेनिंगनं तो धरला आणि सोडलाच नाही.

"हसू का?" सार्मिनीनं अगदी मनापासून विचारलं. "का त्यानं गट वाढतो?"

"हसा, बू," हेंद्रो म्हणाले. "हसण्याला गट नाही."

आठ दिवसांनी निकाल आला. दुसरा गट. म्हणजे तेम्पे विकून झेपेल इतकी फी. वेनिंग आईच्या गळ्यात पडून रडली. सार्मिनीही रडली, पण डोळे पुसता पुसता तिच्या मनात भलतंच काहीतरी आलं.

"पहिल्या गटात कोण असतं गं?"

"ज्यांचं आपल्याहून अवघड आहे, ती मुलं."

आपल्याहून अवघड कुणाचं असेल, हे सार्मिनीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"त्यांना सुट्टीत घरी घेऊन ये," ती म्हणाली. "चटईवर बसतील ती."