सुभेदारांच्या खुकुरीचं म्यान

ऐरणीवर हात ठेवून बा म्हणाले, "सुभेदारांच्या खुकुरीचं म्यान नीट उतरलं, तर दशैं झाल्यावर तू धरानला जा."

बा म्हणजे माझे सासरे, आणि दशैं म्हणजे आमचा दसरा. आम्हा लोहारांत ऐरणीवर हात ठेवून बोललेलं कुणी मागे घेत नाही. मी लगेच त्यांच्या पाया पडले. पाठीवर माझी तान्ही लेक, नानी, शालीने बांधलेली होती, तीही माझ्याबरोबर वाकली.

खाली धरान शहरात माझी मावशी कातडीकामाचं दुकान चालवते. वरती एक खोली आहे आणि तिला खिडकी आहे, एवढंच मला ठाऊक. नानी पोटात असताना तिचा बाप मलेशियाला गेला, तो गेलाच. इथे समोर डोंगर, मागे डोंगर आणि मधे आमा, माझ्या सासूबाई. लग्न होऊन आले तेव्हा आमांनी मला चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं. "सार्कीची पोर आहे, चांभाराची, हाताला कातड्याचा वास येतो," म्हणायच्या. बांनी घडवलेल्या पात्यांना मी म्यानं शिवायला लागले, तेव्हा कुठे त्यांच्या नाकातला तो वास गेला.

नानी झोपली की माझं काम सुरू. खुकुरीच्या वाकड्या पात्याला मोहरीचं तेल चोळलं, लाकडाच्या दोन फळ्या आतून त्याच्या वळणाप्रमाणे कोरल्या. मधे जास्त कोरलं तर पातं आत खुळखुळतं, कमी कोरलं तर अडकून बसतं. मग म्हशीचं भिजवलेलं कातडं ताणून फळ्यांवर चढवलं आणि मागच्या बाजूने आरीने टोचत मेणाच्या दोऱ्याने शिवत गेले. कातडं वाळताना आवळतं. किती आवळेल ते ओल्या कातड्यावर बोट दाबूनच कळतं, हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. दोन टाके घातले की नानी उठायची. तिला पाजता पाजता मी डाव्या हाताने कातडं दाबून बघायचे.

"अगं बुहारी, पोरीला पाजतेस की म्यानाला?" आमा विचारायच्या. सुनेला त्या बुहारीच म्हणतात.

"दोघं भुकेली आहेत, आमा."

त्या हसायच्या. अशा वेळी मला त्यांची माया वाटायची, आणि तीच मला नको असायची.

पाच दिवस सावलीत वाळवलं. सहाव्या दिवशी सकाळीच सुभेदार आले. लिंबू जमातीचा माणूस, पलटणीतून निवृत्त झालेला, आवाज अजून कवायतीच्या मैदानावरचा. त्यांनी खुकुरी म्यानात सारली, उलटी धरली आणि झटकली. पुन्हा झटकली. हलली नाही.

"बायकोसुद्धा मला एवढं घट्ट धरत नाही!"

"सांगू का त्यांना?" आमा म्हणाल्या.

"सांगा, म्हणजे आज जेवायलाच मिळायचं नाही." मग त्यांनी धारेची बाजू सोडून म्यान पाठीकडून धरलं आणि अंगठ्याने मुठीला नुसता रेटा दिला. पातं आवाज न करता बाहेर आलं. सुभेदार हसायचे थांबले. त्यांनी म्यान नाकाशी नेलं, शिवणीवरून नख फिरवलं. "कुणी केलं?"

"आमच्या घरात झालं," बा म्हणाले.

"मग दिवाळीपर्यंत आणखी बारा करा. माझे पलटणीतले जुने सोबती आहेत, प्रत्येकाला एकेक."

बांचा चेहरा उजळला आणि लगेच माझ्याकडे वळला. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. म्हणून मी सुभेदारांसमोरच बोलले. "बा, तुम्ही ऐरणीवर हात ठेवला होता."

भात्याची दोरी बांच्या हातातून सुटली. निखाऱ्यांवर राख चढली. मग ते उठले, ऐरणीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बोललो होतो. दशैं झाल्यावर तू जा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्यात आमा माझ्यासमोर आल्या आणि नानीच्या शालीच्या गाठीला हात घातला.

"नानी इथे राहील. आमचं रक्त आहे."

"आमा, दोघींचं ठरलं होतं."

"ऐरणीवर तिचं नाव कुठे घेतलं? विचार त्यांना."

मी बांकडे पाहिलं. ते ऐरणीकडे बघत होते. नानीचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, आणि घ्या म्हणून मीही सांगितलं नव्हतं. मी धरानला जाईन म्हणजे ती आलीच, ते वेगळं बोलायचं असतं हे मला सुचलंच नाही. लोहाराच्या घरात तीन वर्षं राहून ही चूक माझीच.

सुभेदारांनी खुकुरी कमरेला खोचली. "घरचं आहे, घरात बोला," म्हणाले आणि उतरणीला लागले.

आमा गाठ ओढत राहिल्या. ती मी छातीवर मारते, कातड्याला मारतात तशी, ओढली की आवळणारी. नानी जागी झाली आणि तिने माझी वेणी मुठीत धरली.

"सोड गं," आमा म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, कोण जाणे.

"ती नाही तर मी नाही जात, आमा."

त्यांनी हात काढला आणि भाताला आधण ठेवायला आत गेल्या. बा भात्यापाशी बसले. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुभेदारांनी दिवाळीपर्यंत म्हटलंय."

मी उठले. पुढचं कातडं पाण्यात बुडवलं, आणि तरंगून वर येऊ नये म्हणून त्यावर दगड ठेवला. नानीने वेणी सोडली नव्हती. मान वळवता येत नव्हती, म्हणून मी तशीच, सरळ बघत, आरीला धार लावायला बसले.