भाडेकरूची आई

मुहन्नदने घर घेतलं ही बातमी जॉर्डनमधल्या अख्ख्या इरबिद शहराला कळली होती, फक्त त्या घराला तेवढी कळायची राहिली होती.

तो सौदीत दम्मामला एसी बसवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होता. दर ऑगस्टमध्ये बायकोला घेऊन महिनाभर यायचा आणि जाता-येता ‘माझं घर’, ‘माझा संगमरवर’, ‘माझी बाल्कनी’ करत राहायचा. उरलेलं वर्षभर ते सगळं त्याच्या आईने, वसफियाने, सांभाळायचं. नवरा गेल्यावर ती बहिणीकडे सुखाने राहत होती. पण घर बंद ठेवलेलं वाईट दिसतं म्हणून मुलाने तिला उचलून वरच्या मजल्यावर आणून ठेवलं. इमारतीतले बाकीचे फ्लॅटही आखातात राहणाऱ्यांचेच होते. ते ऑगस्टखेरीज उघडत नसत, पण ते कुणाला वाईट दिसत नव्हतं.

हिवाळ्यात छत गळायला लागलं. वसफियाने दम्मामला फोन केला.

“यम्मा, घर आपलं स्वतःचं आहे, मग काळजी कसली?” मुहन्नद म्हणाला.

“घर तुझं आहे रे, पण अंथरूण माझं भिजतंय.”

“ऑगस्टमध्ये आलो की बघतो.”

ऑगस्टमध्ये इरबिदला थेंबभर पाऊस पडत नाही. म्हणजे बघायला तसं सोपंच होतं.

नवऱ्याची पेन्शन काढायला ती बँकेत गेली, तेव्हा तिथल्या लैथ नावाच्या पोराला तिने गाठलं. परदेशात राहणाऱ्यांच्या घरांचं काम त्याच्याकडे असे.

“माझ्या मुलाचा हप्ता दर महिन्याला घेता, आणि घर असलं दिलंत?”

“हप्ता नाही, हज्जा. भाडं,” लैथ वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तसा अदबीने म्हणाला. “व्याज आपल्या धर्मात चालत नाही. म्हणून बँकच घर विकत घेते आणि तुमच्या मुलाला भाड्याने देते. वीस वर्षं भाडं भरलं की घर त्याच्या नावावर होतं.”

“मग आज घर कुणाचं?”

“बँकेचं.”

“आणि मुहन्नद कोण?”

“भाडेकरू.”

“मग मी रे?”

“भाडेकरूच्या आई.”

वसफियाचे कान तापले. या संगमरवरावर ओरखडा उठेल म्हणून ती खुर्ची उचलून सरकवायची. भिंत मुहन्नदची म्हणून नवऱ्याच्या फोटोसाठी साधा खिळा तिने ठोकला नव्हता. टॅक्सीत बसेपर्यंत तिला रडू येत होतं. घरी पोचल्यावर मात्र तिने पहिल्यांदा हातोडी शोधली आणि फोटो लावला. मग झोपून विचार केला, आणि सकाळी पुन्हा बँकेत गेली.

“भाड्याच्या घराचं छत गळलं तर दुरुस्ती कुणी करायची?”

“मोठी दुरुस्ती मालकाकडे असते,” लैथ म्हणाला, आणि बोलून बसल्यावर त्याच्या लक्षात आलं.

“मग मालकाला सांग, म्हातारी भिजतेय.”

बँकेची पंचाईत झाली. ती घेत असलेलं भाडं अल्लाच्या कृपेने समोरच्या व्याजवाल्या बँकेच्या हप्त्याइतकंच भरायचं, तोवर सगळं सुरळीत होतं. पण ‘तुम्ही मालक आहात, तर मालकासारखं वागा’ असं तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. कोण म्हणणार? भाडेकरू सगळे परदेशात, आणि स्वतःला मालक म्हणवून घेण्यात गुंतलेले. शेवटी एक इंजिनियर आला. त्याने पाहिलं ते खरं की खोटं हे पाहायला दुसरा आला. मग मजूर आले, डांबराचा नवा थर बसला. वसफियाने सगळ्यांना मिरमियाचा पाला घातलेला चहा पाजला.

“छत मालकाने दुरुस्त करून दिलं,” तिने फोनवर सांगितलं. आई टोमणा मारतेय असं समजून मुहन्नदने विषय बदलला.

ऑगस्टमध्ये मुहन्नदच्या सासुरवाडीची माणसं जेवायला आली. मन्सफचं, म्हणजे दह्यातल्या मटण-भाताचं, मोठं ताट मध्ये ठेवलं होतं. सासरे अबू घस्सान तृप्त होऊन म्हणाले, “आमच्या धाकट्या कुसैला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. म्हटलं, मुहन्नदची एक खोली रिकामीच असते.”

“माझं घर म्हणजे तुमचंच, काका,” मुहन्नद म्हणाला. मनातून मात्र त्याला हे नको होतं. कुसै दुपारी उठायचा आणि मित्रांशिवाय जेवायचा नाही. सगळ्यांचं करायचं कुणी, हे वसफियाला विचारावं असं कुणालाच सुचलं नाही.

“मालकाला विचारावं लागेल,” ती म्हणाली.

“मालक हा काय समोर बसलाय,” अबू घस्सान हसले.

“हा? हा भाडेकरू आहे. घर बँकेचं आहे. परक्याला ठेवायचं तर त्यांची परवानगी लागते.”

मुहन्नदची बायको रुला पाणी आणायला उठली. अबू घस्सानांनी हात पुसला.

“लग्नाच्या वेळी तू म्हणालास, घर घेतलंय.”

“घेतलंय, काका. फक्त... अजून व्हायचंय.”

“म्हणजे मी मुलगी भाड्याच्या घरात दिली.”

“मुलगी दम्मामला दिलीत,” वसफिया म्हणाली. “भाड्याच्या घरात मी राहते.”

पाहुणे कॉफी न घेता गेले.

“माझी लाज घालवलीस, यम्मा,” मुहन्नद म्हणाला.

“कुसैही गेला, ते बघ.”

रुलाला हसू फुटलं. मुहन्नद फुगूनच राहिला. दुसऱ्या दिवशी तो लैथची तक्रार करायला बँकेत गेला. तिथे त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि छताच्या कामाबद्दल समाधानी आहात का, असं विचारलं.

“कोणतं छत?” मुहन्नद म्हणाला.

घरी आल्यावर तो बराच वेळ झोपायच्या खोलीत मान वर करून उभा होता. तक्रारीचं पुढे काही निघालं नाही. निघताना तो आईला एवढंच म्हणाला, “चारचौघांत नको सांगत जाऊस.”

थंडी सुरू झाली तसा अबू घस्सानांचा फोन आला. आधी तब्येत, मग गुडघे, मग ऑलिव्हचं पीक. मग त्यांनी आवाज खाली आणला. त्यांच्या थोरल्याने, घस्सानने, दोहाला राहून इरबिदमध्ये घर ‘घेतलं’ होतं. बँक तीच. न्हाणीघरातला नळ भिंतीच्या आत फुटला होता.

“तुमचं छत बँकेने करून दिलं म्हणे, रुला सांगत होती. तो बँकेतला मुलगा... नाव काय त्याचं?”

वसफियाने नाव सांगितलं. “आणि हे बघा, तिथे मालक म्हणून जाऊ नका. भाडेकरूचे वडील म्हणा. दुरुस्तीवाले लवकर येतात.”