कस्तुरामावशी व्हायची पाळी

शाळांना सुट्टी लागली आणि येरमाळ्याच्या अलीकडे चाललेल्या पाझर तलावाच्या कामावर पोरांची धाड आली. एरवी सुट्टी म्हणजे विहिरीत उड्या टाकायच्या, कैऱ्या पाडायच्या आणि संध्याकाळी मार खायचा. त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात विहिरींना पाणी नव्हतं, आंब्याला कैरी नव्हती आणि मार द्यायला घरी कुणी नव्हतं. मोठी माणसं झाडून सगळी दुष्काळी कामावर. मग पोरं ठेवायची कुठं? आणली कामावर. एकाला धरावं तर दुसरं भरावावरून घसरगुंडी करतंय, तिसरं सुरुंगाच्या भोकात काडी घालून बघतंय, असा प्रकार.

मुकादम हिंमतरावाच्या नाकी नऊ आले. एका सकाळी त्यानं कस्तुराबाईला पाटी खाली ठेवायला लावली. तिच्या गुडघ्यावर मागं दगड पडला होता, तेव्हापासून ती लंगडतच माती वाहत होती.

"मावशी, तुमी आपलं लिंबाखाली बसा. रांजनातलं पानी वाढायचं आन ही पोरं राखायची. हजेरी तीच."

"पानी वाढीन बाबा. पन ह्या माकडांला काय करू?"

"रमवा की. तुमच्या तोंडाचा पट्टा इथं कुनाला ठावं न्हाय?"

मुकादम खोटं बोलत नव्हता. कस्तुराबाईला बोलायला विषय लागत नसे, ऐकणारा लागे. आणि आता तर तिच्यापुढं पाचपंचवीस ऐकणारे बसले होते. त्यांतच तिचा स्वतःचा नातू सिद्धेश्वर. लेकीनं दुष्काळातही रीत मोडली नव्हती, मुरूम गावाहून पोराला आजोळी धाडलं होतं. कस्तुराबाई खुशीत लिंबाला टेकून बसली. तिनं राक्षस सांगितले, राजाच्या सात राण्या सांगितल्या, कोल्ह्यानं वाघाला कसं बनवलं ते सांगितलं. पण चार दिवसांत तिच्या गोष्टीही गावातल्या विहिरींसारख्या तळाला गेल्या. पोरं पुन्हा भरावाकडं बघायला लागली.

तिला हात दिला बनीनं. बनी ही बौद्धवाड्यातल्या सरूबाईची थोरली. चौथी पास झालेली, अंगानं काडी, पण पोरगी मोठी चलाख. रडतं पोर तिच्या काखेत गेलं की गप्प व्हायचं. भांडण लागलं की ती दोघांचे कान धरून निवाडा करायची आणि दोघंही तो मानायचे. कोण कुणाच्या गड्यात, कुणाचा डाव, कोण चिडलं, सगळं तिच्या ध्यानात. कस्तुराबाई नुसती नावाची राखणदार, खरं राज्य बनीचं. दुपारी पोरं लवंडली की कस्तुराबाई तिला पुढ्यात घेऊन तिच्या केसांतला गुंता सोडवत बसायची. "बने, तू माझ्या पोटची असतीस तर म्या तुला मास्तरीण केली असती," असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिला ते खरंच वाटायचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. रांजणावर एक पितळी पेला होता आणि एक लांब दांड्याचं ओगराळं. गावातलं माणूस पाण्याला आलं की पेला भरून त्याच्या हातात द्यायचा. बौद्धवाड्यातलं आलं की ओगराळ्यानं वरून ओंजळीत सोडायचं. हे चालायचं नाही असा कायदा होता आणि तो मुकादमालाही ठाऊक होता. पण कायदा राहिला कळंबला कचेरीत, आणि रांजण इथं लिंबाखाली. खडी फोडताना मांडीला मांडी लागत होती, मातीच्या पाट्या या हातातून त्या हातात जात होत्या, त्याचं कुणाला काही नव्हतं. पाण्यापाशी आलं की घोडं अडायचं. कस्तुराबाईची आई असंच वाढायची, म्हणून कस्तुराबाई असंच वाढायची. बनीलाही तसंच. फक्त बनीच्या ओंजळीत ती एक ओगराळं जास्त सोडायची, आणि तेवढ्यात तिला आपलं मन केवढं मोठं असं वाटायचं.

येडाईदेवीची जत्रा नुकतीच झाली होती. एके दिवशी सिद्धेश्वरनं फुटक्या घमेल्याची पालखी केली. पोरांनी ती खांद्यावर घेतली, गुलालाच्या जागी माती उधळली आणि उदो उदो करत लिंबाला फेऱ्या सुरू केल्या. बनी मात्र बाजूला बसून राहिली.

"तू का गं बसलीस?" कस्तुराबाईनं विचारलं.

"आमच्यात आता देवी करत न्हाईत, मावशी. आमचं आण्णा रागं भरत्यात."

बनी बसली आणि पालखीचा बोजवारा उडाला. पुढं कुणी व्हायचं यावरून दोघांत जुंपली, घमेलं तिसऱ्याच्या पायावर पडलं. कस्तुराबाईला बनी खेळात हवी होती. काही प्रेमानं, काही स्वार्थानं, पण हवी होती. तिनं डोकं चालवलं.

"त्ये ऱ्हाऊ द्या रं. आपन कामाचा खेळ खेळू. एकानं मुकादम व्हायचं, दोघांनी खडी फोडायची, कुनी माती वाहायची. ह्यात देव न्हाय आन दानव न्हाय. चल बने, तू मुकादम."

खेळ असा रंगला की विचारू नका. बनीनं काखेत काठी मारली, पोट पुढं काढलं आणि हिंमतरावासारखं घसा खाकरून, "ए, हात चालवा, घरी जाऊन झोपा काढा," असं सुरू केलं. बायका पाटी खाली ठेवून हसायला लागल्या. खुद्द हिंमतराव येऊन उभा राहिला आणि पोरांच्या रांगेत हजेरी देऊन गेला. दुसऱ्या दिवशी पोरं सकाळी आपणहून लिंबाखाली हजर. ज्याची त्याची पाळी लागायची. कुणी मुकादम, कुणी सुरुंगवाला, कुणी उन्हानं चक्कर येऊन पडणारी म्हातारी. कस्तुराबाई ज्याला त्याला सांगायची, बघा, पोरं कशी रमवली.

मग एका दुपारी सारजाबाईच्या गौरीनं हट्ट धरला, "आज म्या कस्तुरामावशी."

पोरीनं फडक्याचा पदर डोक्यावर घेतला, पाय ओढत लंगडत आली आणि "पानी प्या रं मुडद्यांनो, माझ्या नावानं मरू नका" असं म्हणून दगडावर बैठक मारली. कस्तुराबाईला हसू आवरेना. तिनं स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. गौरीच्या हातात नारळाची करवंटी होती. रांगेनं पोरं आली. गौरीनं एकाला करवंटी दिली, त्यानं पिऊन परत दिली. दुसऱ्याला दिली. सिद्धेश्वरला दिली. मग बनी आली. गौरीनं करवंटी दिली नाही. हात उंच केला, करवंटी तिरकी केली, आणि बनीनं खाली वाकून ओंजळ धरली. गौरीनं एकदा ओतलं. मग हसून आणखी एकदा ओतलं, कारण कस्तुरामावशी बनीला नेहमी जास्त वाढायची.

करवंटीत पाणी नव्हतंच. टँकर आला तर प्यायला पुरायचं, खेळायला पाणी कोण देणार? पोरं सगळी हवाच पीत होती, आणि बनीला ती हवासुद्धा वरून मिळाली.

कस्तुराबाईचं हसू तोंडातच राहिलं. आपण कशा दिसतो ते तिनं आरशातसुद्धा कधी इतकं नीट पाहिलं नव्हतं. गौरीला कुणी शिकवलं नव्हतं. रोज समोर बसून पोरीनं पाहिलं होतं, एवढंच.

बनीला मात्र काही वाटल्यासारखं दिसलं नाही. तिनं कोरडी ओंजळ झटकली, तोंड पुसल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आता माझी पाळी. आता म्या कस्तुरामावशी व्हनार."

"तुला कसं व्हता येईल?" गौरी म्हणाली. तिच्या आवाजात वाईटपणा नव्हता, पोरीला खरंच कळत नव्हतं. "तुझ्या हातचं आमी कसं पिनार?"

"खोटं खोटंच हाय की."

"तरी पन."

 निवाडा नेहमी बनी करायची, पण आज तिचाच निवाडा होता, म्हणून सगळ्यांनी कस्तुराबाईकडं पाहिलं. बनीनंही पाहिलं. तिची नजर अगदी बेफिकीर होती. मावशी काय म्हणणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

रांजणापाशी सारजाबाई आणि आणखी दोघी पदरानं वारा घेत उभ्या होत्या. कस्तुराबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. बोलायला विषय न लागणारी बाई, पण त्या घडीला एवढे तीन शब्द तिला जुळवता आले नाहीत, दे तिला करवंटी.

"बने," ती म्हणाली, "तू मुकादमच बरी गं. तुझ्यावानी मुकादम कुनाला जमत न्हाय."

किती गोड आवाजात म्हणाली. बनी "बरं," म्हणाली. मग काखेतली मुकादमाची काठी तिनं लिंबाला टेकवून ठेवली आणि आईकडं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती लिंबाखाली आली नाही. कस्तुराबाईनं मान उंच करकरून पाहिलं. सरूबाईच्या खडीच्या ढिगाजवळ बनी बसली होती, पायाच्या बोटांना चिंध्या बांधून हातोडी मारत होती. इकडं पोरांचा खेळ बसेना. सिद्धेश्वर दर घटकेला विचारी, "आजी, बनी का येईना?" कस्तुराबाई म्हणे, "येईल." तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच डोळ्याला पदर लावला.

दुपारच्या आधी ती लंगडत खडीपाशी गेली.

"सरू, पोरीला धाड की गं. पोरं लई आठवन काढत्यात."

सरूबाईनं हातोडी थांबवली. तिच्या बोलण्यात कुठं कमीजास्त नव्हतं. "ऱ्हाऊ द्या, मावशी. तिचीच मर्जी हाय. माझ्या हाताला हात लागतुया."

"आगं, एवढंसं लेकरू. सुट्टी हाय तवर खेळू दे."

"म्या कुठं न्हाय म्हनते? इचारा तिला."

कस्तुराबाई बनीपुढं वाकली. गुडघा कळ देत होता. "बने, चल. उद्या तू कस्तुरामावशी व्हय. म्या सांगते समद्यांला."

बनीनं मान वर केली नाही. दगड फिरवून त्याची बाजू पाहिली आणि मारला. "त्यो पोरांचा खेळ हाय, मावशी," ती म्हणाली. "मला आता न्हाय खेळायचा."

परत येताना कस्तुराबाईनं मनाशी पक्कं केलं. पाण्याच्या सुट्टीला सरूबाई येईल तेव्हा पेला भरून तिच्या हातात द्यायचा. मग बनीला. कोण काय म्हणेल ते म्हणू दे. काय करतील? वाळीत टाकतील? टाका. वाळीत टाकायला गावात उरलंय तरी काय? रांजणाशी बसून तिनं पेला मातीनं घासला, घासून लख्ख केला, आणि तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला त्या उन्हाळ्यात कधी वाटलं नव्हतं.

सुट्टी झाली. बायका रांगेनं आल्या. सारजाबाई पाणी पिऊन तिथंच सावलीला टेकली. मग सरूबाई आली, तिच्यामागं बनी. कस्तुराबाईनं पेला उचलला, रांजणात बुडवला, भरून वर काढला. सरूबाईनं सवयीनं ओंजळ पुढं केली. "घे," एवढंच म्हणायचं होतं. सारजाबाईनं बसल्या जागेवरून मान वळवली. नुसती वळवली हो, बोलली काही नाही. आणि कस्तुराबाईनं पेल्यातलं पाणी परत रांजणात ओतलं, ओगराळं घेतलं आणि तिचा हात जसा रोज वर जात होता तसा वर गेला.

सरूबाई पाणी पिऊन बाजूला झाली. बनी पुढं आली. तिच्या चेहऱ्यावर खडीचा पांढरा भुगा बसला होता आणि ओठ उन्हानं फुटले होते. कस्तुराबाईनं ओगराळं काठोकाठ भरलं.

"धर, बने. धर गं लेकरा."

बनीचे हात तिच्या पाठीशी होते. तिनं ते तिथंच ठेवले.

"मला तहान न्हाय, मावशी," ती म्हणाली, आणि आईच्या मागं उन्हात निघून गेली.