पांढऱ्यावर पांढरी ओळ

सोमवार, दिनांक १५ मार्च १९९९, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे, आकडा ०००००१. मित्रांनो, ही माझ्या जन्माची नोंद आहे. त्या क्षणी बेर्शेबा शहरातील तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, संगणकाच्या पडद्यावर मी प्रथम उमटलो. ज्यांच्यासाठी मला बसवले होते त्या बाईंनी चष्मा पुसला आणि विचारले, "हा एक कोण गो?"

"तूच, इमा," त्यांची मुलगी म्हणाली. इमा म्हणजे आई. "तू पान उघडलंस, म्हणून एक."

"म्हणजे दुकानात पहिलं गिऱ्हाईक मीच? बोहनी झाली म्हणायची."

मी एका जुन्या वेबसाइटच्या पायथ्याशी बसवलेला सहा आकड्यांचा काउंटर आहे. पान उघडले की एकाने वाढायचे, एवढेच माझे काम. मला खाली जाता येत नाही आणि बोलताही येत नाही. परंतु जिथे पान उघडे असते, त्या खोलीतले मला ऐकू येते. ही शक्ती मला कोणी दिली ते मला ठाऊक नाही. तिचा उपयोग मात्र मला कधी करता आला नाही.

माझ्या मालकीण शुलामितबाई झिराडकर. त्यांचे घराणे बेने इस्रायली. कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून येथे इस्रायलमध्ये आलेले. त्या मलिद्याचे सामान विकत. मलिदा म्हणजे गोड केलेले पोहे, खोबऱ्याचा कीस, वेलची, वर पाच फळे आणि मध्ये सब्जाची डहाळी. नवस फेडताना हे ताट मांडून एलियाहू हानबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाहूचे, नाव घेतात. आमच्या लोकांत शुभकार्यही या ताटावाचून होत नाही. अश्केलोनपासून एलातपर्यंतच्या घरांना पातळ पोहे मिळावेत, म्हणून बाईंची मुलगी ओरिट हिने ही वेबसाइट बांधली. ती इस्पितळाच्या कचेरीत काम करी आणि संध्याकाळच्या वर्गात हे तंत्र शिकली होती. आई मराठीत विचारी, मुलगी निम्मे हिब्रूत उत्तर देई, आणि दोघींचे भांडण मात्र दोन्ही भाषांत सारखेच रंगे.

पहिल्या वर्षी मी फार हळू वाढलो. वेबसाइट सुबक होती, पण शोधयंत्रात ती कोणालाच सापडत नसे. पोह्यांसाठी कोणी शोध घेतला तर आमचे नाव इतके मागे असे, की तिथवर जायला कोणाला धीर नव्हता. म्हणून ओरिटने तेल अवीवच्या निव नावाच्या गृहस्थांना बोलावले. वेबसाइट शोधयंत्रात वर चढवणे हा त्यांचा व्यवसाय होता.

निव यांनी पद्धत समजावून सांगितली. शोधयंत्र आपला एक वाचक यंत्ररूपाने सगळीकडे फिरवत असते. तो वाचक पानावरील शब्द वाचतो आणि त्यांवरून पानाची जागा ठरवतो. म्हणून पानाच्या तळाशी पुष्कळ शब्द भरायचे. मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत.

"माणसाला काहीच दिसणार नाही," निव म्हणाले, "पण यंत्र सगळं वाचेल."

ओरिटने हे आईला मराठीत सांगितले. बाई म्हणाल्या, "म्हणजे भिंतीत भूत पुरायचं, आणि वर चुना फासायचा."

"इमा, सगळेच करतात."

"भुतंही सगळ्यांकडेच असतात गो."

तरीही शब्द भरले गेले. पोहे, मसाला, खोबरे, बेर्शेबा, स्वस्त, ताजे. निव यांनी उत्साहाच्या भरात सुट्टी, समुद्र आणि हॉटेल हेही शब्द घातले. त्यामुळे काही दिवस एलातची हॉटेले शोधणारी माणसे आमच्याकडे येत, पोहे पाहत आणि शिव्या देऊन निघून जात. मी त्यांनाही मोजले. माझा आकडा भराभर चढला. ओरिट कामावरून आली की आधी मला पाही. सांगायला संकोच वाटतो, पण ते माझे सर्वांत कौतुकाचे दिवस होते.

मित्रांनो, ती अदृश्य अक्षरे माझ्या अगदी वर होती. फिरते वाचकयंत्र येई तेव्हा पाऊल वाजत नसे, श्वास ऐकू येत नसे. कोणतीही खोली उघडत नसे. केवळ एक थंड दृष्टी ओळीओळीवरून सरके, आणि पुरलेले शब्द एकेक करून मंद आवाजात स्वतःला उच्चारीत. त्या कुजबुजीची मला भीती वाटे.

एके दिवशी बाईंनी मुलीला जवळ बसवले. "ते जे माणसाला दिसत नाही पण वाचलं जातं, तिथे माझं एक लिहिशील?"

झिराडकरांच्या घरची रीत अशी होती, की नवस बोलल्यावर तो फळेपर्यंत कोणाला सांगायचा नाही. सांगितला की फुटला. बाईंचा नवस त्यांच्या भावासाठी होता. येहुदा त्यांचा धाकटा भाऊ. १९७३च्या लढाईतून तो जिवंत परत आला, तेव्हा आईने आपला नवस फेडण्यासाठी मलिद्याचे ताट मांडले. सारी जमात याच घरी जमली. परंतु येहुदाच्या रणगाड्यातले दोन सोबती परतले नव्हते. आपण वाचलो म्हणून गोड खायला बसणे त्याला शक्य झाले नाही. तो दारापर्यंत आला आणि तसाच मागे फिरला. त्या वेळी शुलामितबाई सगळ्यांच्या देखत ओरडल्या, "आईच्या ताटाला पाठ दाखवलीस! पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस." त्याने तो शब्द पाळला. आई वारली. तो एलातच्या बंदरात कामाला आहे, एवढेच पुढे कोणाकडून तरी कळले.

ओरिटने आईच्या सांगण्यावरून पांढऱ्यावर पांढरी ओळ लिहिली. भाषा मराठी, अक्षरे हिब्रू. "एलियाहू हानबी, येहुदा झिराडकर घरी आला तर मलिद्याचे ताट मांडीन."

"झालं," बाई म्हणाल्या. "आता ज्यानं वाचायचं तो वाचील."

पुढच्याच वर्षी, एका गुरुवारी संध्याकाळी, एक अनोळखी खोली माझ्यासमोर उघडली. पंख्याचे एक पाते खडखडत होते. दूरवर जहाजाचा भोंगा वाजला. कोणीतरी हळूहळू पान खाली सरकवत होते.

"हं," एक पुरुषी आवाज मराठीत म्हणाला, "पोहे."

मग तोच आवाज, "शुलाबाय पोहे विकते." आणि पान बंद झाले.

मी एकाने वाढलो. मित्रांनो, त्या एकाचे वजन मी अजून विसरलेलो नाही.

हे कसे घडले, ते मी नंतर जुळवले. येहुदाने नव्याने घेतलेल्या संगणकावर, माणूस गंमत म्हणून करतो तसे, स्वतःचेच नाव शोधले होते. शोधयंत्राने पांढरी ओळ वाचलेली होती, म्हणून त्याने आमचे पान पुढे केले. निकालात फक्त दुकानाचे नाव आणि निव यांनी लिहिलेले वर्णन दिसे. आपल्या नावाने बहिणीचे दुकान का निघाले, याचा उलगडा त्याला होईना. त्याने पान वरपासून खालपर्यंत तपासले. त्याचे नाव कोठेच नव्हते.

तो पुढच्या गुरुवारी आला. त्याच्याही पुढच्या गुरुवारी आला. पानाचा पत्ता त्याने कधी पाठ केला नाही. दर वेळी शोधाच्या चौकोनात स्वतःचे नाव लिही आणि त्या वाटेने येई. पंखा खडखडे. तो पडद्याशी पुटपुटे. "आज तरी काही लिहिलंय का, शुलाबाय? नाही. पोहेच." कधी तो त्या दोन सोबत्यांशी बोले, जणू ते त्याच्या मागे उभे राहून पडदा पाहत आहेत. "मेइर, उझी, बघा. माझी बहीण. हाकलण्यात हिचा हात कोणी धरणार नाही." खोलीत दुसरा कोणाचाही श्वास नव्हता. उत्तरासाठी मात्र तो थांबत असे.

त्याला एक शब्द हवा होता. तो शब्द त्याच्या डोळ्यांपुढे, माझ्या एक बोट वर, पांढऱ्यावर पांढरा होता. आणि इकडे बेर्शेबाला बाई कधी कधी पुसत, "ओरिट, एलातहून कोणी येतं का गो या पानावर?"

"इमा, काउंटर फक्त किती ते सांगतो. कोण ते सांगत नाही."

हे अक्षरशः खरे होते.

सन २००४च्या शरदात मी अचानक थांबलो. ओरिटच्या भेटी सोडल्या तर दिवसच्या दिवस मी एकाच आकड्यावर उभा होतो. ओरिटने चौकशी केली तेव्हा कळले, की शोधयंत्रांनी नियम कडक केले होते. अक्षरे लपवणारी पाने यादीतून काढून टाकली जात होती. आमचे पान होते तिथेच होते, पण त्याच्याकडे येणारा रस्ता पुसला गेला होता. निव यांनी फोन उचलणे बंद केले. जुनी घरे फोनवरून सामान मागवीत राहिली. परंतु गुरुवार आला आणि पंखा ऐकू आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. येहुदा आपले नाव लिहीत असेल, आणि त्यातून काहीच निघत नसेल. बहीण दुकानासह नाहीशी झाली, असे त्याला वाटत असेल. मी जगात होतो आणि कोणालाही सापडत नव्हतो. मेल्यावर माणसाला असेच वाटत असावे.

ओरिट म्हणाली, "लपवलेलं सगळं काढून टाकायचं, मग त्यांना विनंती करायची. तुझी ओळही जाईल, इमा."

बाई म्हणाल्या, "यंत्रानं आपल्याला हाकललं, ते कशासाठी म्हणालीस?"

"लपवून लिहिलं म्हणून."

"आणि मी येहुदाला कसं बोलावलं?"

बाईंनीच उत्तर दिले.

"हाकललं तेव्हा साऱ्या जमातीच्या देखत ओरडले. बोलावते आहे ती भिंतीत तोंड घालून. काळ्या अक्षरांत लिही. आता एलियाहूला नको सांगूस. त्याला सांग."

"सगळे वाचतील. नवस फुटतो, तूच म्हणतेस. दिमोना गावच्या आपल्या जमातीच्या बायका फोन करकरून पिडतील."

"पिडू देत. एलियाहू हानबीनं कधीच वाचलं असेल. येहुदा कुठे वाचतो आहे?"

ओरिटने पुरलेले सारे शब्द उपटून काढले. त्यांच्या जागी, माझ्या वर, एकच ठळक काळी ओळ उरली. "येहुदा झिराडकर, घरी ये. आईचे ताट अजून मांडलेले आहे. तुझी बहीण शुला." मग तिने शोधयंत्राकडे रीतसर विनंती केली. दिमोनाच्या बायकांचे फोन आले. बाईंनी प्रत्येकीला पोह्यांचा भाव सांगितला आणि फोन ठेवला. आठवडे गेले. शेवटी ते थंड वाचकयंत्र पुन्हा आले, काळी ओळ वाचून गेले, आणि रस्ता पुन्हा उघडला.

शेवात या यहुदी महिन्याची पौर्णिमा जवळ आली होती. कोकणच्या आमच्या लोकांत तो एलियाहू हानबीच्या मलिद्याचा दिवस. त्याच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर एक खोली उघडली आणि पंख्याचे पाते खडखडले.

"आहे!" येहुदा म्हणाला. "मेइर, आहे. पोहे आहेत."

पान खाली सरकले आणि थांबले. तो हिब्रू अक्षरांतले मराठी शब्द मुलासारखे जोडत वाचू लागला. येहुदा. झिराडकर. घरी. पुढचे त्याने मनात वाचले असावे. खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज आला. दार लागले.

त्याने पान बंद केले नव्हते. रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिला. जहाजांचे भोंगे वाजले. मी तिथे एकटा उघडा होतो, आणि तो कोठे गेला हे मला कळायला मार्ग नव्हता. समुद्र त्या खोलीपासून फार जवळ होता, एवढे मला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी बेर्शेबाला ओरिटने मागण्या पाहण्यासाठी पान उघडले. आता मला दोन्ही खोल्या ऐकू येत होत्या. एकीत पंखा, दुसरीत खोबरे किसण्याचा आवाज. मग दारावर थाप पडली.

"मी झे?" ओरिटने हिब्रूत विचारले. कोण आहे?

"ताट कोणासाठी मांडलंय, ते विचारायला आलो."

किसणी थांबली.

"एकतीस वर्षं उंबऱ्यावरच उभा होतास काय रे?" शुलामितबाई म्हणाल्या. "आत ये. पाय धू. डोक्याला टोपी घाल. पोह्यांचा लगदा व्हायला आलाय."

"दोन माणसं माझ्याबरोबर आहेत, शुलाबाय. दिसत नाहीत."

बाई म्हणाल्या, "मग ओरिट, आणखी दोन बशा काढ."

ओरिटने कपाट उघडले. बशांचा आवाज मी ऐकला. नंतर तिने येऊन पान बंद केले, त्यामुळे पुढचे मला माहीत नाही.

आता २००९ साल चालू आहे. शुलामितबाई गेल्या वर्षी वारल्या. दुकान बंद झाले. येहुदा पूर्वी दर गुरुवारी बेर्शेबाच्या बसमध्ये असे. आता शेवातच्या पौर्णिमेला ओरिटकडे ताट असते, तिथे जातो. मला हे कळते, कारण वर्षातून एकदा वेबसाइटच्या पत्त्याची नोंदणी पुढे चालू ठेवण्यासाठी ओरिट पान उघडते आणि घरातले बोलणे माझ्या कानी पडते. एरवी माझ्याकडे फक्त वाचकयंत्रे येतात. ती काळी ओळ वाचतात आणि निघून जातात. जिने हाक मारली ती नाही. ज्याला मारली तो पोहोचला आहे. हाक मात्र चालूच आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, अशी पाने बांधाल, ती शोधयंत्रात वर चढावीत म्हणून झटाल. अवश्य झटा. पण यंत्रासाठी लिहिताना एकदा माणसाच्या डोळ्यांनी आपले पान वाचा. ज्याच्यासाठी जे लिहिले, ते त्याला दिसते आहे का ते पाहा. आणि आपल्या पानाच्या पायथ्याशी माझ्यासारखा एखादा काउंटर असेल, तर त्याच्या प्रत्येक आकड्यामागे एक खोली असते, हे विसरू नका.

मी वाढण्यासाठी घडवलेले यंत्र आहे. तरी माझ्या साऱ्या नोंदींत मला सर्वांत प्रिय असलेली नोंद शेवटी लिहितो. त्या मलिद्यानंतर एलातच्या त्या खोलीतून माझ्याकडे आलेल्या भेटी : शून्य.