सूर्यापर्यंतचे मुक्काम

दहिवडीच्या पुढच्या एका वाडीत नाथाजी मास्तर एकटेच चार इयत्ता सांभाळत. सन सेहेचाळीसचा दसरा चार दिवसांवर आला होता आणि मास्तरांना घोर लागला होता तो अंजनाचा. दसरा झाला की धनगरांची मेंढरं चाऱ्यासाठी सांगलीकडं, कृष्णाकाठाला निघत. मागोमाग पोरंबाळंही जात. चौथीतली अंजना यंदा गेली, तर चैत्रातली परीक्षा बुडणार आणि शाळा कायमची सुटणार.

तिच्या बापाला पोरीची हुशारी एकदा डोळ्यांनी दिसावी, म्हणून मास्तरांनी बिराप्पाला शाळेत बोलावलं.

अंजनानं दोन वीत तोंडाची टोपली भिंतीला उभी टेकवली. "ह्यो सूर्व्या." मग साठ पावलं मोजत ती बापापाशी आली आणि त्याच्या तळव्यावर जोंधळ्याचा एक दाणा ठेवला. "ही आपली धरती." अर्धी वीत सोडून मनगटावर राजगिऱ्याचा दाणा टेकवला. "ह्यो चांद. हलू नगा, आबा."

"आन् आपुन कुटं?"

"ह्याच जोंधळ्यावर."

"मेंढरांसकट?"

"व्हय."

"लय दाटी झाली की गं!" बिराप्पा खो खो हसला. मग टोपलीकडं बघत गंभीर झाला. "मास्तर, खरा सूर्व्या किती मुक्कामावर हाय?"

मेंढरं दिवसाला चार कोस चालतात, तो त्याचा एक मुक्काम. मैल त्याला ठाऊक नव्हते. मास्तरांनी नुसतं अंजनाकडं पाहिलं. नऊ कोटी तीस लाख मैल. कोसाचे दोन, म्हणून आठानं भागायचं. अंजनाच्या पाटीवर पेन्सिल कुरकुरली.

"एक कोटी सोळा लाख पंचवीस हजार मुक्काम."

मास्तरांना वाटलं, जिंकलं. "पाहिलंस, बिराप्पा? अशी पोर शाळेतनं काढायची नसते. माझ्या घरी राहू दे. माझी बायको लीलाबाई लेकीसारखी सांभाळेल."

बिराप्पानं मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले. "आवं मास्तर, तुमचं लय उपकार. मला वाटलं हुतं, अजून बरंच शिकायचं ऱ्हायलं असंल. पर पोरीनं पार सूर्व्यापत्तूर मोजलं! आता ऱ्हायलं काय? आईला हाताखाली लागती, नेतो तिला."

"अरे, सूर्य तर दारातला!" मास्तरांचा आवाज चढला. "हा दाणा इथं धरला, तर ह्याच मापानं सगळ्यात जवळची चांदणी आठ हजार मैलांवर येते, विलायतेच्याही पलीकडं! अजून किती तरी—"

"म्हंजे हज्जार मुक्काम, गुर्जी," अंजना पाटीला हात न लावताच म्हणाली, आणि शाबासकीसाठी त्यांच्याकडं बघत राहिली.

"बगा!" बिराप्पा म्हणाला. "त्ये बी येतंय तिला."

मास्तरांनी मनातल्या मनात आठ हजारांना आठानं भागून पाहिलं. पोरीचं चुकलं असतं, तर निदान सुधारायला तरी बसवून घेता आलं असतं. तिचं सगळं बरोबर होतं.